‘या’ न म्हणणारी मावशी

कबनूरच्या पाच माणसांवर अन्याय झाला. मे महिन्यातला दुसरा रविवार, ऐन दुपारची वेळ, ठिकाण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातलं कोपऱ्यावरचं घर. ती माणसं मुलगी बघायला आली होती. त्यांना भर उन्हात उंबऱ्याबाहेर उभं ठेवण्यात आलं आणि ती तशीच परत गेली. हा अन्याय करणारी व्यक्ती माझी सख्खी मावशी आहे, आणि नातं आहे म्हणून मी ते झाकणार नाही. पत्रकं लिहून लिहून मला सवयच लागली आहे: कुणी, कुणावर, कधी, हे आधी सांगायचं, मग बाकीचं. बाकीचं असं, की या जिल्ह्यात विवेकवादाचं जेवढं नुकसान सगळ्या बुवा-बाबांनी मिळून केलं नसेल तेवढं माझ्या एकट्या मावशीनं केलं आहे. तेही देव न मानता, भूत न मानता, एकही उपास न करता, एका इंग्रजी मालिकेच्या जोरावर, जिच्यातलं एक वाक्य तिला कळत नव्हतं.

आधी घर सांगते. आमचं कुटुंब छप्पन्न सालापासून बौद्ध. आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून पंचगंगेत सोडले तेव्हा मावशी चार वर्षांची होती आणि टोपलीची एक बाजू तिनं धरली होती, असं ती सांगते. मावशीनं आयुष्यात नवस केला नाही. कुणी अंगारा पुढं केला तर तो चिमटीत घेऊन देणाऱ्याच्याच कपाळाला लावते. एकदा बोळात एका बाईच्या अंगात आलं, तर मावशीनं गर्दीतून वाट काढत जाऊन तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, “आदी पाणी पी. सकाळधरनं काय खाल्लंयस का न्हाय?” ती बाई पाणी प्याली, मावशीकडं भाकरी खाल्ली आणि घरी गेली. अशी बाई चळवळीला मिळणं म्हणजे काय, हे ज्यांनी चळवळ केली आहे त्यांना समजेल. मी अंधश्रद्धेविरुद्ध काम करायला लागले तेव्हा माझं पहिलं पत्रक मावशीनं भाजी मंडईत वाटलं होतं. घेणाऱ्यानं तिथंच वाचलं नाही तर ती ते परत काढून घ्यायची. मला वाटलं होतं, आणखी दोन वर्षांत ही सभेत बोलेल. तेवढ्यात तिच्या घरी केबल आली.

मावशीचे यजमान सरकारी नोकरीत होते, ते लवकर गेले. घरात ती आणि दोन मुली. थोरली वंदनाताई सासरहून आजारी होऊन परत आलेली, बरी झाल्यावर दाराजवळ शिलाई मशीन मांडून बसलेली. धाकटी सुजाता राजारामपुरीतल्या एका क्लासच्या ऑफिसात कामाला. वंदनाताईचं आजारपण लांबलं तेव्हा तिला पडल्या पडल्या बघायला काहीतरी हवं म्हणून मावशीनं टीव्ही पलंगासमोर आणला, आणि दुपारी चार वाजता एका इंग्रजी चॅनलवर ती मालिका लागायची. धुक्यातलं एक गाव, गावात कॉलेज. कॉलेजातली निम्मी मुलं व्हँपायर, म्हणजे दिसायला गोरीगोमटी पण माणसाचं रक्त पिऊन जगणारी आणि कधीच न मरणारी. उरलेली निम्मी मुलं त्यांच्या प्रेमात. बारावीपर्यंत शिकलेली वंदनाताई जमेल तेवढं सांगायची, उरलेलं मावशी आपल्या पदरचं घालायची. नायिकेचं नाव तिनं बबी ठेवलं होतं आणि नायकाचं फिक्का. या फिक्क्याबद्दल तिची एकच मोठी तक्रार होती. “शंभर वर्सं झाली बारावीला बसतोय,” ती म्हणायची. “मास्तर येतात, मास्तर रिटायर हुतात, ह्यो हाय तितंच. एकालाबी कसा वळखू येत न्हाय?” बबीच्या आईवर तर तिचा कायमचा राग. “एवढं भाग झालं, त्या घरात एकदा चूल पेटली न्हाय. पोरगी सांजच्याला जंगलात जाती, आई इचारत न्हाय, कुटं चाललीस, जेवलीस का. मग रक्त पिणार न्हाईत तर काय करतील लोक?”

मालिका बघणं हा काही गुन्हा नाही, हे मलाही मान्य आहे. पण एका वर्षी भारनियमनाविरुद्ध आम्ही मोर्चा काढला, त्या मोर्चात मावशी पहिल्या रांगेत होती. तिचा आवाज असा की मागच्या टोकाला रिक्षावाले थांबून बघत होते. मला इतका अभिमान वाटला की मी तिला शिष्टमंडळात घातलं. आत साहेबांसमोर आम्ही सगळ्या जिल्ह्याची कैफियत मांडली, शेतीपंप, दवाखाने, विद्यार्थ्यांच्या परीक्षा. साहेबांनी शेवटी मावशीकडं बघून विचारलं, “आजी, तुमचं काय म्हणणं?” मावशी म्हणाली, “चार ते पाच लाईट सोडा साहेब. बाकी दिवसभर तुमी काय बी करा, आमचं काय म्हणणं न्हाय.” साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं. आमच्या एवढ्या मोठ्या निवेदनातली मान्य झालेली ती एकमेव मागणी.

मग लसूण आला. व्हँपायरला लसूण चालत नाही हे मालिकेत निघालं आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या दारावर लसणाची भलीमोठी जुडी. त्याच आठवड्यात आम्ही दाराला लिंबू-मिरची बांधण्याविरुद्ध पेठेत घरोघर फिरत होतो आणि आमच्या समितीचे अध्यक्ष माझ्याबरोबर होते. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मावशी म्हणाली, “लिंबू-मिरची अंदश्रद्धा हाय, सायेब. मी कवा बांदली न्हाय. ह्यो लसूण हाय. लागंल तसा काढून चटणीत घालतो.” अध्यक्ष म्हणाले, “पण बाई, कशासाठी बांधलाय?” “व्हँपायरसाठी.” “तुम्ही तर भूतखेत मानत नाही.” “न्हाईच मानत. भूत हितलं हाय. ते परदेशी हाईत.” मी तिला धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली, तर म्हणाली, “त्या समद्या मला पाठ हाईत. त्यात व्हँपायरचं एक अक्षर न्हाय. दाव की असलं तर.” यावर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं, पण शीर्षकाच्या पुढं गेलं नाही.

लसणानंतर आरसा. व्हँपायर आरशात दिसत नाही म्हणून तिनं दाराच्या आतल्या बाजूला एक जुना आरसा असा तिरका लावला की दारात उभा राहिलेला माणूस तिला चुलीपासून दिसावा. सिलिंडरवाला, मीटर बघणारा, विम्याचा एजंट, सगळे त्या आरशातून पास झाले की मगच त्यांच्याशी बोलणं. विम्याचा एजंट रोज येताना भांग पाडून जायचा आणि त्याला वाटायचं, बाईंनी सोय केली आहे. हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण मालिकेतल्या एका नियमानं आमचं वाटोळं केलं. तो नियम असा, की घरच्या माणसानं तोंडानं ‘आत ये’ म्हटल्याशिवाय व्हँपायरला उंबरा ओलांडता येत नाही. ज्या दिवशी वंदनाताईनं हे समजावून सांगितलं, त्या दिवसापासून मावशीनं ‘या’ म्हणणं बंद केलं.

कोल्हापुरात राहणाऱ्याला यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. इथं शत्रू दारात आला तरी आधी ‘या’ म्हणतात, मग भांडतात. वसुलीवाल्याला ‘या’ म्हणतात, पत्ता विचारणाऱ्याला ‘या पावणं, बसा, च्या घ्या’ म्हणतात. आणि माझी मावशी दारात उभ्या माणसाशी तासभर बोलायची, त्याच्या बायकोच्या बाळंतपणापासून म्हशीच्या दुधापर्यंत सगळं विचारायची, फक्त ‘या’ म्हणायची नाही. ज्यांना तिचं माहीत होतं ते आपले आपण आत यायचे. शेजारच्या भाभी तर वाटी घेऊन सरळ चुलीपाशी जायच्या आणि म्हणायच्या, “मी काय पावनी हाय व्हय तुझी? तू नको म्हनू या.” मावशी यावर खूश. “बग,” ती मला म्हणायची, “माणूस असलं तर येतंय की, न बोलवता. जे दारात उभं ऱ्हाऊन वाट बगतंय, त्येच्यात कायतरी हाय.” मी तिला सांगून थकले की याला सभ्यपणा म्हणतात.

असं असताना सुजातानं लग्न ठरवलं. मुलगा कबनूरचा, यंत्रमाग दुरुस्त करणारा, आपल्याच समाजातला. इंग्रजी बोलायला शिकायचं म्हणून राजारामपुरीत क्लासला यायचा, तिथं ओळख झाली. मुलगा तयार, सुजाता तयार, पण मुलाची आई तयार नव्हती. शहरातली, ऑफिसात बसणारी मुलगी मागाच्या घरात टिकायची नाही, असं त्यांचं मत. वर्षभर मुलानं समजूत घातली तेव्हा कुठं त्या ‘एकदा बगून येऊ’ म्हणाल्या. सुजातानं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. थोरलीच्या आजारपणात तिनं कॉलेज सोडलं, तेही न सांगता. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “अक्का, एवढं एक नीट हू दे. पुना मी काय मागणार न्हाय. तू आईला सांभाळ.”

मी मावशीला समोर बसवून कबूल करून घेतलं. लसूण काढायचा, आरसा राहिला तर राहू दे, पण पाहुण्यांशी नीट वागायचं. “च्या करतो, पोहं करतो, ग्वाड बोलतो,” मावशी म्हणाली. “आनी काय करू?” यावर माझं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी तिनं शब्द पाळला. चहा केला, पोहे केले, आणि दारात उभी राहून अतिशय गोड बोलली.

“आलासा? लई बरं झालं,” ती म्हणाली. “ऊन बगा की कसलं पडलंय.”

“व्हय की,” मुलाचे मामा म्हणाले आणि चप्पल काढायला वाकले.

“इचलकरंजीची गाडी लगेच घावली?”

“घावली.”

“रस्त्यात काय तरास?”

“काय न्हाय.” मामांची एक चप्पल निघाली होती. दुसरी काढावी की पहिली परत घालावी, हे त्यांना कळेना. तो पाय उन्हानं भाजत असणार, कारण ते एका पायावर उभे राहिले.

“पाणी आणू?” मावशीनं विचारलं.

“आणा की.”

पाणी बाहेर गेलं. पाच माणसं उन्हात, उभ्यानं पाणी प्याली. मी आतून पुढं होऊन ‘या की आत’ म्हणणार, तेवढ्यात मावशीनं मागं न बघता हात मागं घातला आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझा शब्द तोंडातच राहिला. मुलाची आई उंच, वाळलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. त्यांचं लक्ष आरशाकडं गेलं, कारण मावशी त्यांच्याशी बोलत होती आणि बघत होती आरशात.

“आरशात काय बगतासा, बाई?”

“तुमी दिसतासा का ते.”

“मग दिसतोय न्हवं?”

“दिसतासा.”

“मग आमी यायचं का जायचं?”

“ते तुमी ठरवायचं, पावणं,” मावशी नम्रपणे म्हणाली. “दार तर उगडंच हाय.”

मुलगा खाली बघत होता. मुलाची आई भावाला एवढंच म्हणाल्या, “चप्पल घाल.” आणि पाचही जण बोळातून चालत गेले, मधे मुलगा दोनदा मागं वळून बघत.

सुजाता आतल्या खोलीतून बाहेर आली. ती रडली नाही, ओरडली नाही. वंदनाताईच्या मशीनवरची कात्री उचलली आणि टीव्हीमागं जाऊन केबलची वायर कापली. मग नवी साडी सोडायला आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी मावशीला काय काय बोलले ते सगळं इथं देत नाही. मुद्दा एवढाच मांडला, की ज्यांनी काही केलेलं नाही त्यांना शिक्षा देणं याला कुठल्याही कायद्यात आधार नाही, आणि एका परदेशी थोतांडापायी तू पोटच्या मुलीचं मातेरं केलंस. मावशी पोह्यांवर झाकण ठेवत ऐकत होती.

“त्यांनी काय केलं होतं?” मी विचारलं.

“आजून काय केलं न्हाय.”

“मग?”

“मागल्या बारीला म्हणलं हुतं की मी,” मावशी म्हणाली. “या म्हणलं. बसा म्हणलं. जेवल्याबिगर जायाचं न्हाय म्हणलं. ह्याच दारात, ह्याच तोंडानं. काय झालं त्येचं?”

मशीन थांबलं. वंदनाताईनं मान वर केली नाही.

काय झालं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वंदनाताईला बघायला सांगलीकडच्या एका गावची माणसं आली होती. बोलणं मऊ, कपडे पांढरेशुभ्र, हुंडा नको म्हणणारी. मावशीनं हात धरून आत आणलं. त्या घरात ताईनं पहाटेपासून गोठा, पाणी, स्वयंपाक केला आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खाल्लं. उरायचं कमीच. एक बाळ पोटात गेलं. एका दिवाळीला माहेरी आली ती उंबऱ्यात बसली आणि उठेना. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी बोटानं ओढली आणि मावशीला जवळ बोलावलं. “बघा, इथं लाल असायला पाहिजे. काही दिसतंय?” काहीच दिसत नव्हतं. बाहेरून रक्त आणून चढवावं लागलं. सासरच्यांचा निरोप आला, ती पहिल्यापासून अशीच फिकट आहे, बरी झाली की पाठवा. मावशीनं पाठवली नाही. महिनोन् महिने ती पलंगाशी बसून ताईला अळिवाचे लाडू, बीट, काळीज भरवत राहिली, एकेक घास. समोर टीव्ही चालू असायचा, आणि टीव्हीत पलंगावर एक पांढरी फटक पोरगी पडलेली असायची, आणि खिडकीबाहेर उभा राहून कुणीतरी गोड आवाजात आत येऊ का म्हणून विचारत असायचा.

“म्या बोलवलंतं,” मावशी म्हणाली. “नसतं बोलवलं तर आलं नसतं.”

अन्यायाचं मूळ व्यवस्थेत असतं, व्यक्तीच्या एका शब्दात नसतं, हे मी तिला नक्कीच समजावलं असतं. पण सुजाताच्या खोलीचं दार बंद होतं, आणि दुसऱ्या दिवशीही ती न जेवता ऑफिसला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ताटातली भाकरी तशीच बघितल्यावर मावशीनं पातळ बदललं, पिशवीत लाडवांचा डबा घातला आणि मला म्हणाली, “चल. कबनूरला जाऊ. मला पत्ता वाचाय येतोय, पर तिकडं बोलाय लागंल. तुला बोलायची सवं हाय.”

कबनूरला गल्लीत शिरलं की बोलणं संपतं. दोन्ही बाजूंनी मागांची खडखड, भिंती हलतात, माणसं एकमेकांच्या कानात ओरडतात. मुलाची आई उघड्या दारातच कांड्या भरायला बसल्या होत्या, म्हणजे मागाला लागणारं सूत हातचाकानं छोट्या नळ्यांवर गुंडाळत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं. हात थांबवला नाही.

“आलासा?” त्या ओरडल्या.

“आलो,” मावशी ओरडली.

“ऊन लई हाय न्हवं?”

“लई हाय.”

“उबं ऱ्हावा मग.”

“ऱ्हातो की,” मावशी म्हणाली आणि पिशवी खाली ठेवून उभी राहिली.

मी आत जाऊन माफी मागायला निघाले, तर मावशीनं माझी ओढणी धरून मागं खेचलं. “बोलवल्याबिगर जायाचं न्हाय.” मी म्हटलं, हा काय हट्ट आहे. “हट न्हाय. नेम हाय. त्यो मलाबी लागू हाय.” आणि ती उभी राहिली. गल्लीतल्या बायका दारात आल्या, कुणी विचारलं कोण हाईत ह्या, मुलाच्या आईनं ओरडून सांगितलं, कोल्लापूरचं पावणं हाईत, ऊन खायाला आल्यात. सगळी गल्ली हसली. मावशीच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती एखाद्या सभेला आल्यासारखी हात बांधून उभी होती. पाय बदलत नव्हती. मी माझ्या दहा-बारा धरणे आंदोलनांत असा ठिय्या बघितलेला नाही.

मग वीज गेली. एकामागून एक माग थांबले आणि गल्लीत एवढी शांतता झाली की कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. आता ओरडायची गरज नव्हती. मावशी हळू आवाजात म्हणाली, “माज्या थोरलीचं रक्त प्यालं लोकांनी. त्यांना म्या सोता या म्हणलंतं. तवापासनं त्यो शब्द तोंडातनं निगत न्हाय.”

कांडीवरचे हात थांबले. “म्हंजे आमी तसलं वाटलो तुमाला?”

“वाटला न्हाईसा. कळत न्हाय की. कपाळावर लिवलेलं नसतंय.” मग म्हणाली, “धाकटी तीन दिस जेवली न्हाय. तुमच्या पोरावर तिचा जीव हाय. मला काय बी बोला. तिला नगा बोलू.”

मुलाच्या आईनं मांडीवरचं सूत झटकलं. “आत या,” त्या म्हणाल्या.

चहा आला. मी तोपर्यंत शब्द जुळवून ठेवले होते, पण मला कुणी विचारलं नाही. मावशीनं बशी खाली ठेवली आणि सरळ म्हणाली, “माजी एकच अट हाय. आमची पोरगी समद्यांच्या संगट जेवंल. शेवटाला न्हाय.”

मुलाची आई हसल्या. खरंच गंमत वाटल्यासारखं हसल्या. “अवो, ह्या घरात येऊन इतकी वर्सं झाली, मीच आजून समद्यांच्या संगट जेवलो न्हाय. तिला कुटनं बसवू?”

मावशी हसली नाही. ती उठली, त्यांचा हात धरला आणि त्यांना दारापाशी उजेडात नेलं. त्या ‘काय करतासा, काय करतासा’ म्हणत होत्या. मावशीनं त्यांची हनुवटी वर केली आणि खालची पापणी बोटानं ओढली. मी शेजारीच होते, मला दिसलं. त्यांच्या पदराला चिकटलेलं सूत आणि पापणीच्या आतला भाग, रंगात काही फरक नव्हता.

“हे कोण बगितलं न्हाय व्हय तुमचं कवा?” मावशीनं विचारलं.

“कोण बगणार?”

मावशीनं पिशवीतला डबा काढून त्यांच्या हातात दिला. “रोज एक. पोराला देयाचा न्हाय, भावाला देयाचा न्हाय. तुमी खायाचा, माज्या देकत पैला.” आणि त्या बाईंनी, ज्यांनी आम्हाला एवढा वेळ उन्हात उभं केलं होतं, लहान मुलीसारखा तो लाडू दोन्ही हातांत धरून खाल्ला.

लग्न विहारात झालं. केबलची वायर जोडून घेतली, पण तोपर्यंत चॅनलवाल्यांनी ती मालिका अर्ध्यात बंद करून दुसरीच काहीतरी लावली होती. मावशीनं मला चॅनलला निवेदन द्यायला सांगितलं आणि मी दिलं. त्याला उत्तर आलं नाही. ती अजून ‘या’ म्हणत नाही, मी अजून तिच्याशी भांडते. दर पंधरा दिवसांनी रविवारी ती न कळवता कबनूरला जाते, सुजाताची पापणी बघते, मग तिच्या सासूची. दोघी विहिणी मागांच्या खडखडाटात एकमेकींच्या कानात तोंड घालून तास तास काय बोलतात कुणास ठाऊक. गल्लीतल्या बायकाही आता रांगेनं येऊन बसतात. आमच्या समितीनं आरोग्य शिबिर घ्यायचा ठराव केला आहे, तो अजून कागदावर आहे.

गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते. तिनं सुजाताला उजेडात उभं केलं, पापणी ओढली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. मग सासूची बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तू बग ग. मला हल्ली समदंच फिक्कट दिसाय लागलंय.” तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. ऑपरेशनला ती तयार नाही, म्हणते, तेवढा वेळ हितं कोण बघंल. मी बघितलं. सुजाताची लाल होती. सासूची अजून पुरती नव्हती, पण होती. मी तसं सांगितलं, तर मावशीनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, “नीट बगितलंस न्हवं? पत्रकात लिवतीस तसं न्हाय न्हवं?”

म्हणून माझी मागणी सरळ आहे. येत्या रविवारी तुमच्या घरातली जी मुलगी लग्न होऊन गेली आहे, तिच्या गावी जा. कळवून जाऊ नका. तिला खिडकीपाशी न्या, तोंड उजेडाकडं करा, खालची पापणी बोटानं ओढा आणि आत लाल दिसतं का बघा. ती लाजेल, हसेल, हात झटकेल, तरी बघा. आणि मग तिच्या सासूला हाक मारा, तिचीही बघा.